पेढीवरचा संगणक आणि तिसरे व्रत

शनिवार, १९ ऑगस्ट २०१७. धुळ्याच्या देवपूर भागात, वाडीभोकर रोडवर पाईप आणि पाण्याच्या पंपांची एक जुनी पेढी आहे. त्या सकाळी पेढीच्या सूनबाई नेहमीपेक्षा तासभर आधीच गादीवर येऊन बसल्या होत्या. वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतरचे पहिले विवरणपत्र दुसऱ्या दिवशीपर्यंत भरायचे होते. जुलैची सारी विक्री, खरेदी, हमाली आणि मालभाडे संगणकातील टॅलीमध्ये नोंदलेले होते. पर्युषणाचे दिवस असल्याने घरात कोणाचा उपवास, कोणाचे एकासन. शेठजी नुकतेच स्थानकातून व्याख्यान ऐकून परतले होते.

संगणक सुरू झाला, पण टॅली उघडेना. चिन्हावर टिचकी मारली की पडदा क्षणभर लुकलुके आणि पुन्हा पूर्ववत होई. सूनबाईंनी पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तर त्यातील फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेली इवलीशी चिन्हे दिसू लागली. कोणता कार्यक्रम अडकला आहे हे पाहण्यासाठी टास्क मॅनेजर मागवला, तेव्हा ही सोय व्यवस्थापकाने बंद केली आहे असा निरोप आला. या यंत्राच्या व्यवस्थापक त्या स्वतःच होत्या! सेफ मोडमध्ये यंत्र चालू करण्याचा प्रयत्न केला, तर निळा पडदा आला आणि यंत्र बंद पडले.

दुपारी बातमी आली की कराचे शासकीय संकेतस्थळही त्या दिवशी भाराखाली कोलमडले असून मुदत २५ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली आहे. साऱ्या बाजारपेठेने सुटकेचा निःश्वास टाकला. वाडीभोकर रोडवरील या पेढीला मात्र ते सहा दिवस अक्षरशः पदरात पडल्यासारखे वाटले.

संगणक दुरुस्त करणारा तरुण देवपुरातलाच होता. त्याने आल्या आल्या इंटरनेटची तार काढली आणि यंत्र सरळ बंद केले. मग स्वतःजवळच्या सीडीवरून ते पुन्हा सुरू केले. या सीडीवर एक छोटी, स्वतंत्र कार्यप्रणाली होती. ती यंत्राच्या डिस्कवरील काहीही चालवीत नाही, केवळ तपासते. आजारी माणसाला स्वतःच्या नाडीचे ठोके मोजायला सांगू नये, हा त्यामागचा साधा व्यवहार. तासाभराने निदान झाले. विषाणू जुनाच होता. सॅलिटी हे त्याचे नाव, आणि २००३ पासून त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ चालत आलेली. तो कार्यक्रमाच्या फाइलींना, म्हणजे ज्या फाइली चालतात त्यांनाच, जाऊन चिकटतो. प्रत्येक वेळी आपले रूप बदलतो. सेफ मोडसाठी लागणाऱ्या नोंदी पुसून टाकतो, विषाणुप्रतिबंधक कंपन्यांची संकेतस्थळे उघडू देत नाही आणि टंकलेली अक्षरे टिपून बाहेर पाठवू शकतो.

हे शेवटचे वाक्य ऐकताच सूनबाईंनी सर्वप्रथम आपल्या बँकेत फोन लावला, आणि ते फार योग्य केले. पेढीचे कॅश क्रेडिट खाते याच संगणकावरून पाहिले जात असे. त्यांनी नेट बँकिंग तात्पुरते थांबवले आणि शेजारच्या औषध दुकानातील चांगल्या संगणकावरून सारे पासवर्ड बदलले. अनेक घरांत हे काम दुरुस्ती संपल्यावर आठवते, किंवा त्याच रोगट यंत्रावरून उरकले जाते. चोर घरात असताना त्याच्यासमोरच नवी किल्ली घडवून घेण्यासारखे ते आहे.

या विषाणूंचा इतिहास तसा आपल्या शेजारीच सुरू होतो. आयबीएम जातीच्या वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला विषाणू 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या फुकट नकला होतात, म्हणून तो केल्याचे त्यांचे म्हणणे होते. विषाणूत त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! उतारा शोधणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातीलही दोन भाऊ आहेत. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय याने त्यावर उपाय लिहिला. त्यातून क्विक हील उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. नकलांच्या रागातून एका भावांच्या जोडीने रोग निर्माण केला आणि दुरुस्तीच्या बाकावरून दुसऱ्या जोडीने त्यावरील औषधांचा कारखाना उभारला. व्यापारी घरांतील मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

असो. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पेढीचे यंत्र स्वच्छ करून पाहिले. शेकडो फाइली बाधित निघाल्या. काहींमधून विषाणू काढता आला, पण त्या फाइली पुन्हा चालेनात. विंडोजमध्ये आपल्याच फाइली तपासून, बिघडलेल्यांच्या जागी मूळ प्रती बसविण्याची सोय असते. परंतु त्यासाठी जवळ ठेवलेल्या मूळ प्रती विश्वासार्ह असाव्या लागतात. इथे त्यांचीच खात्री नव्हती. तो म्हणाला, "शेठजी, हे झाडूनपुसून होणार नाही. डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकावं लागेल. तुमची मूळ सीडी आणि तिचा नंबर द्या."

ड्रॉवरमधून एक सीडी निघाली. तिच्यावर काळ्या मार्करने 'विन ७ + टॅली' असे लिहिलेले होते.

तरुण हसला. अशा सीड्या त्याने शेकड्यांनी पाहिल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर स्वतःही दिल्या होत्या. २०१२ मध्ये हे यंत्र घेतले, तेव्हा बसवून देणाऱ्याने अवघ्या तीनशे रुपयांत दोन्ही सॉफ्टवेअर टाकून दिली होती. बनावट विंडोज पकडले जाऊ नये, म्हणून मायक्रोसॉफ्टकडून येणारी अद्ययावत दुरुस्ती त्याने कायमची बंद केली होती. टॅलीचे कुलूप तोडणारी एक छोटी फाइलही सीडीवर होती. ती चालवण्यापूर्वी विषाणुप्रतिबंधक कार्यक्रम बंद करावा, अशी सूचना तिच्यासोबत होती. रखवालदाराला बाहेर पाठवून पाहुण्याला आत घेतल्यासारखाच हा प्रकार. मागील महिन्यात टॅली नीट चालेना, म्हणून चिरंजीवांनी तशीच एक नवी फाइल मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आणली होती. तपासणीत सर्वांत आधी बाधित झालेली फाइल तीच दिसत होती.

संध्याकाळी घरात बोलणे झाले. चिरंजीवांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. ही सीडी पुन्हा टाकली तर दोन तासांत काम सुरू होईल. आधी विवरणपत्र भरावे, अस्सल सॉफ्टवेअर दिवाळीनंतर पाहता येईल. दोन्ही परवाने, वाढीव मेमरी आणि मजुरी मिळून खर्च तीस हजारांच्या आसपास जात होता. जुलैपासून नव्या कराच्या गोंधळात बाजार थंड होता. शेतकऱ्यांची उधारी कापूस येईपर्यंत वसूल होणार नव्हती. "बाबूजी, सगळी बाजारपेठ हेच वापरते. आपण काय वेगळं केलं?" या प्रश्नाला शेठजींनी त्या वेळी उत्तर दिले नाही. रागही दाखवला नाही. २०१२ मध्ये ते तीनशे रुपये त्यांनी स्वतःच्या हातांनी, पाचशेवरून घासाघीस करून दिले होते. मुलाला रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना ठाऊक होते.

सायंकाळचे प्रतिक्रमण त्यांनी आयुष्यभर केले आहे. बारा व्रतांचे अतिचार त्यांना पाठ आहेत. आणि पाठ असलेल्या गोष्टी बहुधा ऐकू येत नाहीत. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात आणि प्रतिक्रमणात सांगितले आहेत, ते पाहिले तर चोरी करणारा त्यांत जवळजवळ नाहीच. चोराला उत्तेजन देणारा आहे, चोरीचा माल घेणारा आहे, राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणारा आहे, खोटी मापे वापरणारा आहे, नकली मालाचा व्यवहार करणारा आहे. शास्त्रकारांची नजर दरोडेखोरावर नसून दुकानाच्या गादीवर होती. तदाहृतादान म्हणजे चोराने आणलेले घेणे, आणि प्रतिरूपकव्यवहार म्हणजे अस्सलासारख्या दिसणाऱ्या बनावटीचा व्यवहार. त्या संध्याकाळी स्थानकात तिसऱ्या व्रताचा पाठ आला, तेव्हा मार्करने लिहिलेली ती सीडी शेठजींच्या डोळ्यांपुढे आली. एकाच तबकडीवर दोन अतिचार.

त्याहून जास्त त्यांना दुसरी एक गोष्ट टोचली. चार वर्षांपूर्वी धुळ्यातील एका दुकानदाराने नामांकित कंपनीच्या नावाचे बनावट पंप स्वस्तात विकायला सुरुवात केली होती. त्या कंपनीची एजन्सी शेठजींकडे होती. त्यांनी कंपनीला कळवले, माणसे बोलावली आणि भर बाजारात त्या दुकानदाराला ऐकवले, "नकली माल विकणारा आणि चोर यांत मला फरक दिसत नाही." तक्रार न्याय्य होती. बनावट पंपाची मोटर पहिल्याच उन्हाळ्यात जळते आणि शेतकऱ्याचे पीक जाते. परंतु ते वाक्य उच्चारून शेठजी पेढीवर परतले, तेव्हा समोरचा संगणक कोणत्या मालावर चालत होता?

सोमवारी सकाळी त्यांनी तरुणाला बोलावून सांगितले की दोन्ही सॉफ्टवेअर बिल घेऊन, परवान्यासह घ्यायची. चिरंजीव गप्प राहिले. तरुणालाच थोडे आश्चर्य वाटले. "शेठजी, अस्सल मागणारं गिऱ्हाईक मला महिन्यातून एखादं भेटतं. बाकीचे म्हणतात, पाचशेत बसव. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातात." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. ज्या गिऱ्हाइकांबद्दल तो बोलत होता, त्यांत समोर बसलेले शेठजीही होते. त्यांनी त्याची मजुरी विचारली. त्याने सांगितलेल्या रकमेत एका पैशाचीही घासाघीस केली नाही, याची नोंद सूनबाईंनी मनात करून ठेवली.

पुढील काम त्याने मन लावून केले. पेढीची डिस्क काढून ती दुसऱ्या स्वच्छ यंत्राला जोडली आणि फक्त नोंदींच्या फाइली उतरवून घेतल्या. चालणारी एकही फाइल घेतली नाही. सॅलिटी कार्यक्रमांना चिकटतो, हिशेबाच्या आकड्यांना नाही. त्यामुळे टॅलीचे फोल्डर शाबूत होते. मग स्वच्छ यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विंडोज १० चे साहित्य नव्या पेन ड्राइव्हवर घेतले. पेढीच्या डिस्कवरील सारे विभाग पुसून ती कोरी केली आणि नवी कार्यप्रणाली बसवली. कोणतीही जुनी वस्तू जोडण्यापूर्वी सर्व अद्ययावत दुरुस्त्या उतरू दिल्या, आणि त्यातच मंगळवारची दुपार गेली. रोजच्या कामासाठी त्याने सूनबाईंना मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते करून दिले. नवे सॉफ्टवेअर बसवायचे झाले तरच व्यवस्थापकाचा पासवर्ड लागेल. तो पासवर्ड चिरंजीवांना न देता शेठजींना दिला, हे त्याचे चातुर्य.

टॅली उघडली, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील नोंदी विस्कटलेल्या होत्या. यंत्र वारंवार अर्धवट बंद पडल्याचा तो परिणाम असावा. टॅलीमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबून सारा हिशेब पुन्हा लिहून घेण्याची सोय असते. आधी प्रत काढून मगच ती वापरावी. जुलै महिना पूर्ण सुखरूप निघाला. ऑगस्टचे काही दिवस मात्र गेले ते गेलेच. ते सूनबाईंनी बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भरले. ३० जूनच्या साठ्याची मोजणी, ज्यावर जुन्या कराची वजावट पुढे मागायची होती, मुनीमजींनी गोदामात उभे राहून शिसपेन्सिलीने वहीत केली होती. संगणकावर मुनीमजींचा कधीच विश्वास बसला नाही. त्या आठवड्यात त्यांच्या चेहऱ्यावर जे स्मित होते, ते पर्युषणात शोभणारे नव्हते.

एक जुनी गोष्ट हातची गेली. पंचवीस वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाने फॉक्सप्रोमध्ये उधारीचा छोटा कार्यक्रम लिहून दिला होता. पुढे टॅली आली, तरी जुन्या येण्याचा पडताळा शेठजी त्यातच घेत. त्याची मूळ प्रत कोठेच नव्हती आणि यंत्रावरील एकमेव प्रत बाधित होती. कार्यक्रम गेला, परंतु त्याच्या नोंदींच्या फाइली तरुणाने एक्सेलमध्ये उघडून दाखवल्या. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, पारोळा येथील गिऱ्हाइकांची नावे ओळींनी उतरली. त्यांतील कितीतरी माणसे आता हयात नाहीत. शेठजी बराच वेळ त्या ओळी वर-खाली करीत बसले होते.

विवरणपत्र २४ तारखेच्या रात्री भरले गेले. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि सकाळपासूनच देवपूर ढोल-ताशांच्या आवाजाने दुमदुमणार होते.

त्यानंतर पेढीत प्रती ठेवण्याची पद्धत बदलली. पूर्वीचा बॅकअप त्याच पेन ड्राइव्हवर असे आणि तो ड्राइव्ह कायम यंत्रालाच लावलेला असे, म्हणून रोग त्यालाही झाला. आता दोन डिस्क आहेत. एक आठवडाभर घरच्या कपाटात असते आणि शनिवारी अदलाबदल होते. तरुणाने याचे कारण सांगताना त्याच वर्षीचा एक प्रसंग सांगितला. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला. तो पसरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीतून. म्हणजे तेथील प्रामाणिक, परवानाधारक व्यापारीही त्यात सापडले. अस्सल घेतले की भय संपले, असे समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलवरही कंटेनर अडकून पडले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. तिच्या साऱ्या जाळ्याची किल्ली ज्या यंत्रांत असते, ती जगभरातील यंत्रे एकाच वेळी पुसली गेली होती. उरले होते फक्त घानामधील एक, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती आणि ते यंत्र बंद पडले होते! भारनियमनाला आयुष्यभर नावे ठेवणाऱ्या खानदेशी माणसाला हे ऐकून हसू आवरत नाही.

आपल्या समाजाला खरे तर ही विद्या नवी नाही. जैसलमेर आणि पाटणच्या ज्ञानभांडारांतील ग्रंथ आजवर टिकले ते एकेका ग्रंथाच्या अनेक प्रती लिहवून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्यामुळे. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, ओल वा कसर लागली आहे का हे पाहायचे, असा रिवाज आहे. सूनबाईंनी तोच दिवस धरला. दर ज्ञानपंचमीला कपाटातील डिस्क काढून दुसऱ्या यंत्रावर ती खरोखर उघडते का, हे त्या पाहतात. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेली थैली, असे मुनीमजी म्हणतात, आणि संगणकाबद्दल त्यांचे हे एकच मत घरात सर्वांना मान्य आहे.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेठजी नेहमीप्रमाणे नातलगांकडे व व्यापाऱ्यांकडे खमतखामणा करून आले. परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर पांझरेच्या पुलावरून पलीकडे, धुळ्याच्या बाजारात वळवली. बनावट पंपवाल्याचे दुकान उघडे होते. चार वर्षांत दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. शेठजींनी हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटले. दुकानदार जैन नव्हता. तो गोंधळून उठला. "शेठजी, चूक तर माझी होती. तुम्ही कशाची माफी मागता?"

शेठजींनी सांगितले की तक्रार केली त्याची नाही, ती पुन्हाही करीन. चोर म्हटले, त्याची. मग त्यांनी सीडीची सारी हकीकत सांगितली. दुकानदार ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर आपल्या गल्ल्याशेजारच्या संगणकाकडे गेली. त्याच्या काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात, विंडोजची ही प्रत अस्सल नाही, अशी बारीक अक्षरांतील ओळ कधीपासून झळकत होती. तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि विचारले, "त्या पोराचा नंबर देता का?"